तापीकाठी पाच दिवस : सॅल्मनचे गळ आणि सरकीची ढेप

माझा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, बरीच वर्षं कॅनडात राहतो, व्हँकूव्हर बेटावरच्या कॅम्पबेल रिव्हर या गावी. तिकडे या गावाला सॅल्मनची राजधानीच म्हणतात. यंदा मार्गशीर्षात तो महिनाभर जळगावला आला, आणि कपड्यांपेक्षा जास्त जपून त्याने एक डबा आणला होता : सॅल्मनच्या गळांचा. आम्हा दोघांच्या हातात पहिला गळ आजोबांनी दिला, सारंगखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत, तापीच्या काठावर. म्हणून ठरवलं की चांगदेवपासून खाली सारंगखेड्यापर्यंत तापीचे संगम धरत जायचं, दत्तजयंतीला यात्रेत पोचायचं, आणि वाटेत त्याचा डबा आणि माझा डबा शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

पहिला दिवस : जळगाव ते चांगदेव

पहाटे साडेपाचला निघालो. भुसावळ मागे पडेपर्यंत काचा वर होत्या, एवढी थंडी. वरणगावच्या पुढे एका टपरीवर चहा घेताना दादाने विचारलं, "तू गळाला लावतोस काय?" मी म्हटलं, "सरकीची ढेप, पिकून काळं पडलेलं केळं आणि भाजलेल्या ज्वारीचं पीठ." तो गप्प झाला. आजोबांचं मिश्रण तेच होतं, त्याला आठवलं असणार.

चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात. खाली हतनूरचं धरण असल्यामुळे संगमावर पाणी पसरलेलं, संथ. देवळात जाऊन आलो, त्या काळ्या दगडाच्या गारव्यात पाच मिनिटं बसलो, मग काठावर उतरलो. जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका आपल्याकडे मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यामुळे आठवडाभर आधीच भेटून विचारून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की जाळ्यांच्या खुणांपासून लांब बसा. कुठल्याही जलाशयावर गळ टाकण्याआधी हे विचारावंच. त्या पाण्यात सोडलेलं मत्स्यबीज कुणाच्या तरी पैशाचं असतं.

मग दादाने डबा उघडला. पहिल्यांदा बाहेर आली वीतभराहून मोठी, चमकदार पट्टी. तिला फ्लॅशर म्हणतात, साधारण अकरा इंचांची. ही गळ नव्हे. बोटीमागे ओढताना ती पाण्यात गोल फिरते, उजेड फेकते, लांबून सॅल्मनला बोलावते. गळ तिच्या मागे असतो, आणि किती मागे हा खरा प्रश्न. रबरी झालरीची नकली माकूळ असते, तिला हूची म्हणतात. तिला स्वतःची हालचाल नसते, फ्लॅशरने झटका दिला तरच ती नाचते, म्हणून ती तीनेक फुटांवर बांधायची. चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, मात्र स्वतः डुलतो. त्याला फ्लॅशरचे झटके बसले तर त्याची चाल बिघडते, म्हणून तो पाच-सहा फुटांवर. मी हे वहीत लिहून घेतलं. फ्लॅशर तापीत कधीच लागणार नाही, पण आमिषाला स्वतःची चाल आहे की ती आपण द्यायची, हा विचार कुठल्याही पाण्यात उपयोगाचा आहे.

रंगांचंही तसंच. पाण्यात खाली जाऊ तसा लाल रंग सगळ्यांत आधी नाहीसा होतो, निळा-हिरवा खोलवर टिकतो. म्हणून खोल समुद्रासाठी त्याच्याकडे हिरवे, निळे आणि अंधारात चमकणारे चमचे होते. लाल-नारिंगी उथळ नदीसाठी.

एका कप्प्यात नुसते दोन-दोन गळांचे जोड होते, एकाच तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीवर, पुढेमागे बांधलेले. ते हेरिंग माशासाठी. हेरिंगचं डोकं सरळ न कापता तिरकं कापायचं आणि धडात हे दोन गळ बसवायचे. त्या तिरक्या कापामुळे धड पाण्यात गिरमिटासारखं फिरतं. काप थोडा चुकला तर ते वेडंवाकडं लोळतं आणि मासा बघून निघून जातो. चिनूक जातीच्या सॅल्मनला घट्ट, संथ फिरकी लागते, कोहोला जरा जलद चाललेलं आमिष आवडतं, असं दादाचं म्हणणं.

मी विचारलं, "आणि नदीत शिरल्यावर?"

तिथे त्याने मला जे सांगितलं ते पुढचे चारही दिवस माझ्या डोक्यात राहिलं. सॅल्मन समुद्रात खातो, तुडुंब खातो. पण अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत शिरला की खाणं सोडतो. अंगातल्या चरबीवर तो वर चढत जातो आणि पॅसिफिकचे सॅल्मन अंडी घालून झाल्यावर मरतात. मग उपाशी असूनही न खाणारा हा मासा गळ का धरतो? कुणी म्हणतं चिडून, कुणी म्हणतं समुद्रातल्या सवयीने. अंडी, चमचा, फिरकी त्याच्या तोंडासमोरून गेली तर तो ती चावतो. म्हणून नदीतलं आमिष त्याच्या वाटेत, त्याच्या नाकासमोर, तळापासून हातभर वरून वाहत न्यावं लागतं. तो आमिषाच्या मागे फार लांब जात नाही.

"म्हणजे माझे दोन डबे आहेत," दादा म्हणाला. "समुद्राचा डबा भुकेसाठी, नदीचा डबा रागासाठी."

आणि आपल्या रोहू-कटल्याला तर भूकच भूक. त्या दृष्टीने पाहिलं तर माझा पेंडीचा डबा त्याच्या समुद्राच्या डब्याचा भाऊ ठरतो, नदीच्या डब्याचा नव्हे.

जाता जाता एक गोष्ट. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत रावसला इंडियन सॅल्मन म्हणतात. रावस चवीला उत्तमच, पण सॅल्मनशी त्याचं काही नातं नाही. तो वेगळ्याच कुळातला समुद्रमासा आहे. सॅल्मनला थंड पाणी लागतं, पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याची दमछाक सुरू होते. तापीत तो जगला नसता.

दुपारभर दादा चमचा फेकत राहिला. गाळाचं, उथळ पाणी. दर फेकीला शेवाळ अडकून यायचं. मला पाच चिलापी मिळाल्या, तळहाताएवढ्या. गांडूळ लावलं की चिलापी सोडत नाही, तरंगा टकटक नाचवते आणि आमिष कुरतडून संपवते. मोठ्या माशासाठी बसायचं असेल तर गांडूळ बाजूलाच ठेवलेलं बरं.

दुसरा दिवस : हतनूरचा फुगवटा

रात्री मुक्ताईनगरला मुक्काम केला. सकाळी सात वाजता दादाने पाण्यात थर्मामीटर सोडला : वीस अंश. "सॅल्मन इथे धापा टाकत असता," तो म्हणाला. मी म्हटलं, "आणि रोहू इथे गारठलाय." एकच पाणी, पण एकाला जे उकाड्याचं तेच दुसऱ्याला हिवाळ्याचं. कार्प कुळातले मासे गारठ्यात मंदावतात, त्यांना पचायला वेळ लागतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीत मासे जमवायला टाकायचा चारा मी अर्ध्यावर आणतो. उन्हाळ्यासारखे पाच-पाच गोळे टाकले तर मासा चाऱ्यावरच पोट भरतो आणि गळाकडे बघत नाही. जागाही बदलायची. सकाळी खोल पाणी, दुपारी उन्हाने तापलेला उथळ काठ.

हतनूर धरणाला एक्केचाळीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की बातमी होते. आता सगळे बंद, पाणी आरशासारखं, लांबवर बदकांचे थवे. हिवाळी पाहुणे पक्षी बघायला इथे दुर्बिणी घेऊन माणसं येतात. आम्ही मात्र त्यांच्याकडे पाठ करून पीठ मळत बसलो होतो.

हे मळणं मला मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सरकीची ढेप रात्रीच भिजत घालायची. सकाळी पिळून घ्यायची. त्यात भाजलेल्या ज्वारीचं पीठ, वास येईल इतपत भाजलेलं, करपलेलं नको. मग सालीला काळे डाग पडलेलं केळं कुस्करायचं. जळगावात केळ्याला तोटा नाही, बाजारात फेकायला काढलेलं केळं गळाला सगळ्यांत चांगलं. चिमूटभर ओवा किंवा बडीशेप चोळून टाकायची. थंडीत वास कमी ठेवावा असा माझा अनुभव आहे.

गोळा किती घट्ट, यावर सगळं अवलंबून. माझी रीत अशी की बादलीत पाणी घ्यायचं, लिंबाएवढा गोळा सोडायचा आणि घड्याळ बघायचं. दहा-पंधरा मिनिटांत तो भुगा होऊन पसरला तर साठलेल्या पाण्यासाठी योग्य. दोन मिनिटांत विरघळला तर पीठ कमी पडलं. अर्धा तास दगडासारखा पडून राहिला तर केळं कमी. वाहत्या पाण्यासाठी तो जास्त घट्ट हवा, नाहीतर तळाला जाईपर्यंत काही उरत नाही. दादाने ही बादली मन लावून बघितली. तो सॅल्मनची अंडी बोरॅक्स लावून मुरवतो, म्हणजे ती कडक होतात, टिकतात, पाण्यात हळूहळू रंग आणि रस सोडतात. "आपण दोघं एकच करतोय," तो म्हणाला, "आमिष पाण्यात किती वेळ जगेल ते ठरवतोय."

मग बांधणी. मी त्याला माशाचं तोंड वाचायला सांगितलं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याचा गळ तरंग्याखाली चार-पाच फुटांवरच हवा, आणि गोळा इतका हलका की वरच्या वर धुरासारखा पसरावा. रोहूच्या खालच्या ओठाला झालर असते, तो मधल्या थरात फिरतो, वनस्पती खरवडून खातो. मृगळाचं तोंड खाली, तो तळ चाळतो. म्हणजे तीन मासे, तीन मजले. एकाच खोलीवर गळ ठेवून "आज मासा लागत नाही" म्हणणारे मी खूप पाहिलेत. मासा असतो, आपण दुसऱ्या मजल्यावर दार वाजवत असतो.

तळासाठी मी सरकतं शिसं वापरतो. शिशाच्या गोळीला आरपार भोक, त्यातून तंगूस मोकळं सरकतं, खाली एक बारीक मणी आणि स्विव्हल (फिरती कडी), मग वीतभर तंगुसावर गळ. मासा आमिष उचलून चालू लागला की तंगूस सरकतं, शिसं जागेवर राहतं, त्याला वजन कळत नाही. शिसं घट्ट बांधलं तर मृगळ चाखून थुंकून देतो. गळांचे नंबर नव्या माणसाला गोंधळात टाकतात : आकडा जितका मोठा तितका गळ लहान, एकपर्यंत. त्यापुढे एक बटा शून्य, दोन बटा शून्य असे आकडे वाढतात आणि गळही मोठा होतो. रोहूला मी सहा नंबर लावतो. दादाच्या डब्यात चार बटा शून्यच्या खाली क्वचित काही होतं.

तरंगा ज्वारीच्या ताटाच्या गाभ्याचा. वाळलेल्या धांड्याची साल सोलली की आत पांढरा, हलका गाभा मिळतो. बोटभर तुकडा, टोकाला लाल रंग. दादाचे तरंगे सुबक, प्लास्टिकचे, पण वजनदार शिशासाठी घडवलेले. रोहूच्या हलक्या चोखण्याला ते हलेनात. माझी काडी मात्र तिरकी होऊन हळूच बुडाली. दुपारी दीडला पहिला रोहू, दीड किलोच्या आसपास. नंतर काडी बुडण्याऐवजी वर आली आणि पाण्यावर आडवी पडली. दादा म्हणाला, "सुटला." मी ओढलं आणि मृगळ लागला. तळावरचा मासा आमिष उचलून वर येतो तेव्हा शिसं हलकं होतं आणि तरंगा आडवा होतो. ही खूण आजोबांची.

चार वाजता मोठा मासा लागला, बहुधा कटला. पन्नास हात तंगूस घेऊन गेला आणि कड् आवाज करत तुटला. रिळाचा ब्रेक मी फार आवळून ठेवला होता. दादा रागावला नाही. त्याने रॉड हातात घेतला, तंगुसाला वजनाचा काटा अडकवून मला ओढून दाखवलं : तंगूस जितक्या वजनाला तुटतं त्याच्या चौथ्या हिश्श्याला, फार तर तिसऱ्या हिश्श्याला रीळ सुटलं पाहिजे. मी हे काम नेहमी अंदाजाने करत आलो होतो. तोंडात गळ घेऊन, वारभर तंगूस ओढत तो मासा कुठे फिरत असेल, हा विचार रात्री झोपू देईना.

तेव्हाच दादाने पक्कड काढली आणि माझ्या सगळ्या गळांचे उलटे काटे दाबून सपाट केले. त्याच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सॅल्मनसाठी बिनकाट्याचा गळ कायद्यानेच लागतो. सोडायचा मासा लवकर सुटतो, आणि तंगूस तुटलंच तर गळ तोंडातून गळून पडण्याची शक्यता जास्त. अट एकच, की तंगूस सैल सोडायचं नाही. त्यानंतर तीन दिवसांत माझा एक मासा त्यामुळे सुटला. मला ते चालेल.

तिसरा दिवस : रामेश्वर

तापी, गिरणा आणि अंजनी यांचा त्रिवेणी संगम. महादेवाचं देऊळ, घाट, आणि श्राद्धकर्माला आलेली बरीच माणसं. अशा जागी गळ टाकायचा नाही हे दोघांनाही न बोलता कळलं. पिंडाच्या भातावर जमलेले मासे पायाशी येऊन जात होते. तासभर त्यांना बघत बसलो. रोहूचं एक पोर भाताचं शीत तोंडात घेई, बाहेर टाकी, पुन्हा घेई. तीन-चार वेळा असं करून मग गिळी. दादा हळूच म्हणाला, "आपण पहिल्याच घासाला ओढतो." बरोबर होतं त्याचं.

जेवायला भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा. उरलेली एक भाकरी मी कापडात बांधून घेतली. ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीचा पापुद्रा पाण्यात गव्हाच्या पोळीपेक्षा जास्त टिकतो.

चौथा दिवस : मुडावद

अमळनेरहून बेटावद, तिथून मुडावद. इथे पांझरा तापीला मिळते. कपिलेश्वराचं देऊळ संगमावर उंच उभं आहे, खाली खडक, कपारी, दगडगोटे. असा तळ म्हणजे वामीचं घर. वाम रात्री बाहेर पडते, दगडाखालचे किडे आणि गांडुळं शोधते. तिला लोक मासा मानायलाही तयार नसतात, सापासारखी दिसते म्हणून. पण ती मासाच, आणि तिच्या पाठीवर बारीक टोकदार काट्यांची रांग असते, उघड्या हाताने धरू नये.

संध्याकाळी काठावर एक म्हातारे भोई बाबा बसले होते, विड्या ओढत. आम्ही नमस्कार केला, कुठले-कोणाचे झालं. दादाचे चमचे त्यांनी हातात घेऊन उलटेसुलटे केले आणि विचारलं, "हाई मासाले खावाले देतस का चिडावाले?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. जे समजावायला त्याला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला होता, ते बाबांनी एका प्रश्नात आणून ठेवलं.

आम्ही गांडुळं काढली तशी बाबांनी हात वर केला. उठले, काठावरचा ओला गाळ घेतला, दोन्ही हातांना चोळला, धुतला, पुन्हा चोळला. "ईडीना वास शे. पहिले हात, मंग गय." आम्हीही तसंच केलं. दादाने मग सांगितलं ते असं : सॅल्मनचं नाक फार तीक्ष्ण असतं, जन्माची नदी तो वासावरून ओळखतो. माणसाच्या त्वचेत सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं. पाण्यात त्याचा अंश उतरला तरी वर चढणारे सॅल्मन बिचकतात, हे शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात तपासून पाहिलं आहे. तिकडचे कोळी बिनवासाच्या साबणाने हात धुतात, हातमोजे घालतात. मी बाबांना हे सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, विशेष नवल वाटलं नाही त्यांना.

वामीसाठी गांडूळ गळात ओवलं की दगडाला घासून फाटतं, आणि वाम टोक धरून ओढून नेते. इथे दादाच्या डब्यातली एक गोष्ट कामाला आली, आणि पाच दिवसांत मी शिकलेली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच. सॅल्मनची अंडी गळात टोचता येत नाहीत, फुटतात. म्हणून ते लोक तंगूस गळाच्या नेढ्याला नुसतं गाठ मारून बांधत नाहीत. तंगूस नेढ्यातून घालून दांड्यावर दहा-बारा वेढे देतात, मग दुसरं टोक परत नेढ्यातून आणून आणखी काही वेढे, अशा तऱ्हेने की नेढ्याजवळ तंगुसाचा एक छोटा फास मोकळा राहतो. तंगूस पुढे ढकललं की फास उघडतो, त्यात अंड्यांचा झुबका ठेवायचा, ओढलं की फास आवळतो. आमिषाला भोकही पडत नाही.

दादाने कंदिलाच्या उजेडात मला ही गाठ सात वेळा बांधून दाखवली. आठव्यांदा मला जमली. मग त्या फासात आम्ही पाच-सहा गांडुळांचा झुबका बसवला, टोकं मोकळी वळवळती. दुसऱ्या गळावर कळण्याच्या भाकरीचा घडी केलेला पापुद्रा, त्याच फासात. शिसं लांबट घेतलं, कारण गोल गोळी कपारीत अडकते. शिशाचा तंगूस मुख्य तंगुसापेक्षा कच्चा ठेवला, म्हणजे अडकलं तर शिसंच तुटावं, गळ आणि मासा हाती यावा. ही कच्च्या तंगुसाची युक्ती बाबांना आधीपासून ठाऊक होती. ते शिशाऐवजी सुती दोऱ्याने दगड बांधत. नदीत शिसं टाकून येण्यापेक्षा तेच चांगलं, असं दादा म्हणाला, आणि आमची शिशं काढून आम्हीही दगड बांधले.

रात्री दहापर्यंत दोन वामी मिळाल्या, एक जवळपास हातभर लांबीची. दोन्ही बाबांना दिल्या. भाकरीला काही लागलं नाही. बाबा गांडुळांच्या झुबक्याला बोटाने हलवून बघत होते, फास आवळला तरी एकही गांडूळ तुटलं नव्हतं. "हाई गाठ माले शिकाड," ते दादाला म्हणाले. अंधारात त्यांना नेढं दिसेना, तर दादाने त्यांचं बोट धरून वेढे मोजले.

पाचवा दिवस : सारंगखेडा

दोंडाईच्यावरून सारंगखेड्याला पोचलो तेव्हा यात्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. एकमुखी दत्ताचं दर्शन, रांगेत दीड तास. मग घोड्यांचा बाजार. पंजाब, राजस्थान, गुजरातकडून घोडे येतात, व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. दादा लहानपणासारखा प्रत्येक घोड्यापाशी थांबत होता.

दुपारी गर्दीतून बाहेर पडून तापीच्या काठाने वर चालत गेलो. बॅरेजमुळे इथे पाणी साठलेलं असतं. आजोबांची जागा नेमकी सापडली नाही, ती पाण्याखाली गेली असावी. काठाला पाणवनस्पती, मधेमधे मोकळं पाणी. दादा थांबला. पाण्याला मधूनच एक गोल उठत होता, थोड्या वेळाने दुसरीकडे. मरळ. ही हवा घ्यायला वर येते, कल्ल्यांवर तिचं भागत नाही, म्हणून ती स्वतःच आपली जागा सांगते.

आमच्याकडे मरळीला बेडूक लावायची रीत. पण मला जिवंत बेडूक गळात ओवणं आता होत नाही, आणि दादाकडे चमचा होता. त्याने डब्यातला सगळ्यांत लहान चमचा काढला, तांब्याच्या रंगाचा, कोहोसाठीचा. तीन अण्यांचा गळ काढून एकेरी लावला, काटा सपाट केला, आणि अणीपुढे पातळ तारेची एक कमान बसवली, म्हणजे ती वनस्पतीत अडकणार नाही. जिथे गोल उठला होता त्याच्या दहा हात पलीकडे फेक. गोलावर नाही, कारण डोक्यावर चमचा पडला तर मरळ बुडी मारून जाते. हळू ओढायचं, थांबायचं, चमच्याला लडखडत खाली जाऊ द्यायचं, पुन्हा ओढायचं. चौथ्या किंवा पाचव्या फेकीला, चमचा बुडत असतानाच पाणी उसळलं.

मरळीचं तोंड कडक असतं, एक घट्ट ओढ द्यावी लागते, आणि नंतर तिला वनस्पतीत शिरू द्यायचं नाही. तंगूस ताणलेलं ठेवून दादा बाजूबाजूने चालत गेला. काठाला आली तेव्हा सव्वा किलोच्या आसपास असावी, हिरवट काळी, पोटाला पांढरी. कोहोसाठी घडवलेला चमचा तिच्या जबड्याच्या कडेला होता.

मी विचारलं, "ही रागाने आली की भुकेने?"

"आत्ता भुकेने," दादा म्हणाला. "पावसाळ्यात आली असती तर रागाने."

पावसाळ्यात मरळ पिलं सांभाळते. पाण्यावर लालसर पिलांचा झुबका दिसतो आणि खाली आई-बाप पहारा देतात. त्या वेळी झुबक्यातून काहीही ओढलं तरी मरळ धावून येते, कॅम्पबेल रिव्हरच्या सॅल्मनसारखीच, पोट भरायला नाही. कितीतरी जण त्याच वेळी मरळ धरतात कारण ती सोपी असते, आणि ती गेली की दोन-चार दिवसांत तो सगळा झुबका चिलापी आणि बगळ्यांच्या पोटात जातो. मुडावदच्या बाबांनी निघताना तेच सांगितलं होतं : "मरयना पिलं ऱ्हातस तव्हय गय टाकानं नही." मी जून ते सप्टेंबर मरळीला गळ लावत नाही, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी हीच विनंती आहे.

मी दादाला कॅम्पबेल रिव्हरच्या टायी क्लबबद्दल विचारलं. १९२४ साली स्थापन झालेला हा क्लब. तीस पौंडांहून, म्हणजे साडेतेरा किलोंहून मोठ्या चिनूकला तिकडे टायी म्हणतात. तो धरायचा तर बोट वल्ह्यांचीच, इंजिन नाही. तंगूस वीस पौंडांपर्यंतचं, आमिष कृत्रिम, गळ एकेरी बिनकाट्याचा. एवढं अवघड करून घेतल्यावर मिळाला तर मिळाला. "तुला मिळाला का?" मी विचारलं. "आठ वर्षं वल्हवतोय," तो म्हणाला. "अजून नाही." आणि तांब्याचा चमचा पुसत राहिला.

मरळ आम्ही सोडली. दोघांनी दोन बाजूंनी पाण्यात धरून ठेवली, तिने शेपटी मारली तेव्हा हात काढले.

उन्हं उतरल्यावर मी पिशवीतून आजोबांची पत्र्याची डबी काढली. तिच्यात तीन गळ होते, गंजून तपकिरी झालेले, एकावर अजून सुती दोरा गुंडाळलेला. दादाला हे माहीत नव्हतं. त्याने एकेक गळ उजेडात धरून बघितला, मग नखाने अणीच्या मागची जागा चाचपली.

"अरे," तो म्हणाला, "याला काटा नाही."

तिघांनाही नव्हता. घासून काढलेला होता, कानशीचे ओरखडे अजून दिसत होते.

परत निघताना दादाने तीन चमचे आणि फासाच्या गाठीचे दहा गळ काढून माझ्या डब्यात ठेवले, आणि माझे ज्वारीच्या गाभ्याचे सगळे तरंगे मागून घेतले. ते त्याने शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले, मोडू नयेत म्हणून. शहाद्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो एका हाताने खिसा धरून होता.